येऊ दे, येऊ दे

१

इंद्रजितला गाडी पुढे न्यायला कुणाची गरज नसे. मागे घ्यायला मात्र बायको लागायची.

दोन वर्षांपूर्वी लीड्समध्ये त्याच्या मानेच्या मणक्यांचं ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले, आणि तेव्हापासून त्याची मान वळेनाशी झाली. गाडी चालवायला डॉक्टरांची हरकत नव्हती. त्यानं कॅम्परव्हॅनला भलेमोठे आरसे लावून घेतले, आणि आरशात मावत नाही ते सगळं गिरिजावर सोपवलं. रिव्हर्स घालायची वेळ आली की ती खाली उतरायची, गाडीच्या मागे जाऊन उभी राहायची, आणि लहानपणी औरंगाबादच्या स्टँडवर पाहिलेल्या एसटीच्या कंडक्टरचा अवतार धारण करायची.

"येऊ दे, येऊ दे, येऊ दे. डावीकडे मार. अरे तुझं डावं, माझं नाही. इतकी वर्षं इंजिनियरिंग करून डावंउजवं कळेना का तुला? येऊ दे. बस."

बस म्हणताना पत्र्यावर दोन थापा. मग ती वाकून चाकाखाली लाकडी पाचर सरकवायची, आणि तेवढं झालं की इंद्रजित इंजिन बंद करायचा. गल्लीतले इंग्रज शेजारी खिडकीचा पडदा सारून हा सोहळा बघत. लेक रचना स्लाऊहून आली असली की तोंड लपवायची. "आई, please, हळू बोल ना. मी पप्पाला reverse camera घेऊन देतो." इंग्लंडात जन्मलेली पोर, मराठी तिची अशीच.

"माझा कॅमेरा मागे उभा असतो," इंद्रजित म्हणायचा. "आणि तो शिव्यापण देतो."

गिरिजा कितीही करवादली तरी तिला हे ऐकायला फार आवडायचं. ऑपरेशनच्या दिवशी हा माणूस हातचा जातोय की काय, या भीतीनं ती हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये गार चहा पुढ्यात घेऊन बसून राहिली होती. तो वाचला. आणि वर त्याला आपण लागू लागलो, त्याच्या मागे उभं राहायला. एवढ्या वयात नवऱ्याला आपण असे लागतो, ही काही लहान गोष्ट नाही, असं तिला वाटे. कुणापाशी बोलली नाही, पण वाटे.

ती रिटायर झाली त्या उन्हाळ्यात दोघं निघाले. फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल. घाई नाही, हॉटेल नाही. आवडलं तिथं थांबायचं. डॅशबोर्डवर छोटी बुद्धमूर्ती, मागे तांदळाची पिशवी, कुकर आणि भाजलेल्या मिरचीचा ठेचा.

२

दक्षिण फ्रान्समध्ये नदीकाठी एक कॅम्पसाइट लागली. उंच झाडं, खाली गार सावली, आणि दोन झाडांमध्ये यांची जागा. तिकडची पद्धत अशी, की उद्याचा पाव आजच सांगून ठेवावा लागतो. गिरिजा ऑफिसात गेली, तर पुढे रांग. एक बाई आपल्या कुत्र्यासाठी काहीतरी विचारत होती आणि तिचं आटपत नव्हतं.

"मी येईपर्यंत हलू नकोस," असं ती इंद्रजितला बजावून आली होती.

परत आली तर व्हॅन दोन झाडांच्या बरोबर मध्ये, मागचं टोक कुंपणाला समांतर. इंद्रजित खुर्ची उलगडत होता.

"एवढा धीर नाही? झाडाला घातली असतीस म्हणजे?"

"कशी घालेन? तू होतीस ना मागे." तो हसला. "आणि आज काय झालं होतं तुला? एक शिवी नाही. नुसतं आपलं 'ये रे, ये, सावकाश ये.' मला वाटलं ऊन लागलं की काय बाईला."

गिरिजाला वाटलं, हा आपली फिरकी घेतोय. फिरकी घेण्यात तो मुरलेला होता. तिनं त्याला कोपरानं ढोसलं आणि कुकर लावायला घेतला. पण वरण घोटताना मध्येच तिच्या मनात आलं, की इंद्रजित चेष्टा करतो तेव्हा त्याची डावी भुवई वर जाते. मघाशी ती गेली नव्हती.

३

गिरिजाचा जन्म नोकरीत लोकांचे कान तपासण्यात गेला होता. कानाला काय काय ऐकू येतं आणि त्यातलं किती खरं असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? झाडांमधून आवाज फिरून येतो. शेजारच्या तंबूतली बाई आपल्या पोराला हाका मारत असेल. माणूस ज्या आवाजाची वाट पाहतो तोच त्याला ऐकू येतो. तिनं अशी तीन-चार कारणं शोधली आणि त्यांच्यावर समाधान मानलं.

आणखी एक कारण होतं, पण त्या शब्दाला तिच्या माहेरी थाराच नव्हता. तिचे वडील चळवळीतले, भानामती आणि अंगात येणं यांच्याविरुद्ध गावोगाव बोलत फिरलेले. तो शब्द मनात आणणं म्हणजे त्यांना तोंडावर खोटं पाडणं. गिरिजानं तो आणला नाही.

स्पेनमध्ये तिचा घसा बसला. पार, कुजबुजण्यापलीकडे आवाज निघेना. "मी नुसता हात करते," तिनं खुणेनं सांगितलं, "आरशात बघ." एका हातात पाण्याचा कॅन होता, दुसऱ्या हातानं ती खुणा करत होती. व्हॅन हळूहळू मागे आली. आता थांबवायला हवं म्हणून तिनं हात वर केला.

तेवढ्यात पत्र्यावर दोन थापा पडल्या. धप, धप. तिच्या कानाशी, तिच्यापासून हातभर अंतरावर.

व्हॅन थांबली. गिरिजा आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली. एकात कॅन, दुसरा वर.

पत्रा उन्हानं तापला की वाजतो, हे खरंच आहे. तिनं ते स्वतःला सांगितलं. मग तिनं पत्र्याला हात लावून पाहिला. सावलीत उभ्या असलेल्या त्या गाडीचा पत्रा गारच होता.

"घसा सुटला वाटतं," इंद्रजित पुढून म्हणाला. "बस म्हणालीस ते किती स्वच्छ ऐकू आलं."

४

घसा बरा झाल्यावर तिनं त्याचे कान तपासायचं ठरवलं. पोर्तुगालात पाइनच्या झाडांखाली, दुपारी जेवण झाल्यावर. यंत्र नव्हतं, पण जुनी रीत होती. पेशंटला खुर्चीत बसवायचं, आपण त्याच्या मागे हातभर अंतरावर उभं राहायचं, म्हणजे त्याला ओठ दिसत नाहीत. एक कान बोटानं दाबून बंद करायचा आणि कुजबुजत शब्द सांगायचे. पेशंटनं ते मोठ्यानं म्हणायचे.

"भाज्या सांगते," ती म्हणाली. "समोर बघ."

"दुसरीकडे बघता येतंय कुठे मला?"

तिनं त्याच्या उजव्या कानावर बोट ठेवलं. "पडवळ."

"पडवळ."

"दोडका."

"दोडका. आणि मला आवडत नाही."

"गप. सुरण."

"सुरण."

त्याचे कान ठणठणीत होते. ती पुढची भाजी आठवत होती, तेवढ्यात इंद्रजित म्हणाला, "मेथी."

गिरिजा काही बोलली नव्हती.

"शेपू," तो म्हणाला. थोडं थांबून, "लाल माठ. अगं, जरा दमानं सांग ना."

तिनं त्याच्या कानावरचं बोट काढलं. दोन पावलं मागे सरकली. हात छातीशी घट्ट धरले. पाइनच्या काड्यांवर तिच्या सपातांचा आवाज झाला, तो तिला स्वतःला नीट ऐकू आला. बाकी काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. दूर कुणीतरी भांडी घासत होतं तेवढंच.

इंद्रजित समोर बघत, हसऱ्या तोंडानं एकेक भाजी म्हणत होता. मध्येच त्यानं खांदे आखडले.

"गिरिजा, तुझा हात एवढा गार कसा गं? काढ तो कानावरून."

५

तिनं त्याला सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. तो आधी हसला, मग तिचा चेहरा पाहून हसायचा थांबला. विश्वास ठेवला असं नाही, पण त्यानं तिला जवळ घेतलं आणि चहा स्वतः केला. त्यानं केलेला चहा पाण्यासारखा होतो. तरी तिनं सगळा प्यायला.

"आपण एक काम करू," तो म्हणाला. "एक शब्द ठरवू. तो ऐकला तरच मी गाडी मागे घेणार. बोलू नकोस. लिही."

त्यानं तळहात पुढे केला. गिरिजानं त्यावर बोटानं लिहिलं: बिजली. लीड्सला आल्यावर पहिली घेतलेली, धक्का मारल्याशिवाय सुरू न होणारी लाल गाडी. ते नाव रचनालाही माहीत नव्हतं. इंद्रजितनं मूठ मिटली आणि त्याचे डोळे ओले झाले. किती वर्षांनी आठवण काढलीस, म्हणाला. तळहातावरच्या त्या तीन अक्षरांनी दोघांना पुन्हा तरुण केलं, आणि त्या संध्याकाळी ती भीती बरीचशी विसरली.

पुढचा मुक्काम समुद्रावरच्या कड्याजवळ होता. जागा टोकाला, मागे नुसती गुडघाभर उंचीची भिंत, आणि तिच्यापलीकडे एकदम खाली पाणी. गिरिजा उतरली आणि जागेचा नंबर शोधत पुढे चालत गेली. नंबर सापडला म्हणून ती वळली, तर व्हॅन कड्याकडे मागे मागे सरकत होती.

ती धावली. "इंद्रजित, थांब," असं ओरडत ती काचेसमोर आली. त्यानं तिला पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला, की तो तिला पुढे आयुष्यभर आठवणार होता. घाबरलेला नव्हता. गोंधळलेला होता. तो आरशात बघत होता, मग तिच्याकडे, मग परत आरशात.

पण गाडी आधीच थांबली होती.

"तू मागे होतीस," तो म्हणाला. "बिजली म्हणालीस. म्हणून तर घेतली."

गिरिजा मागे गेली. व्हॅन भिंतीपासून सुरक्षित अंतरावर, अगदी सरळ उभी होती, तिनं स्वतः लावली असती त्याहून नीट. मागच्या दोन्ही चाकांखाली पाचरी होत्या. बेतानं, आतल्या बाजूनं, ती सरकवायची तशाच.

तेव्हा तिला कळलं, आणि जे कळलं त्यानं ती गाडी खाली पडण्याच्या भीतीपेक्षाही जास्त हादरली. ते जे कुणी होतं, त्याला इंद्रजितला कड्यावरून लोटायचं नव्हतं. त्याला सांभाळायचं होतं. ते तिचं काम करत होतं, आणि तिच्याहून चांगलं. गिरिजाला भीती वाटली, आणि त्या भीतीत मत्सर होता. माझा आहे तो, असं ती त्या रिकाम्या जागेला मोठ्यानं म्हणाली.

६

त्यानंतर त्यांनी रिव्हर्स घातलाच नाही. जिथे एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघता येईल अशाच जागा शोधल्या. गिरिजानं नवऱ्याला नजरेआड होऊ दिलं नाही. तो पुरुषांच्या बाथरूममध्ये गेला की ती बाहेर टॉवेल घेऊन उभी. "लोक म्हणतील, म्हातारा पळून जातोय," तो म्हणायचा. तिला हसू यायचं, पण ती जागची हलायची नाही. चालताना ती त्याच्या पुढे चालू लागली, म्हणजे त्याला ती दिसेल. रात्री त्याचा हात हातात घेऊन झोपायची. लग्नाच्या नव्या नवलाईतही त्यांनी असले लाड केले नव्हते.

एवढं करूनही अंघोळ तरी कुणाला चुकते?

इंग्लंडला, पोर्ट्समथला जाणाऱ्या बोटीसाठी स्पेनमधल्या सान्तान्देर बंदरात रांगेत उभे असताना रचनाचा फोन आला.

"आई, काल सकाळी तू किती छान बोलला माझ्याशी."

"काल? काल मी कुठे बोलले?"

"अगं, video call. पप्पा बाकावर बसला होता, towel घेऊन. तू त्याच्या मागे होता. दिसत नव्हता, sun होता ना मागून. पण आवाज. You sounded so happy, आई. एकदम soft."

काल सकाळी गिरिजा शॉवरखाली होती. इंद्रजित बाहेरच्या बाकावर बसला होता, तिनंच बसवलं होतं.

"काय म्हणाले मी?" तिनं विचारलं.

"तेच गं. घरी आला की पप्पाला सोडून कुठे जाणार नाही. त्याचं सगळं तू करणार." रचना हसली. "मी Dad ला म्हटलं, you lucky man."

गिरिजानं फोन ठेवला. शेजारी इंद्रजित संत्रं सोलत होता. त्यानं शिरा काढून एक फोड तिच्या तोंडात घातली.

७

लीड्समध्ये शिरताना मळभ होतं, रस्ते ओले होते, आणि ते बघून गिरिजाच्या जिवात जीव आला. ओळखीची फिश-चिप्सची दुकानं, ओळखीचे राउंडअबाउट, शाळेच्या कोपऱ्यावर लॉलिपॉपसारखी गोल पाटी धरून मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई. जे काही होतं ते तिकडे, उन्हात, परक्या मुलखात राहिलं. इथं आपलं घर आहे. घर जवळ आलं की माणूस सैल पडतो, तशी ती पडली.

"घरात दूध नसेल," ती म्हणाली. "मला कोपऱ्यावर सोड. तू गाडी रस्त्यावरच उभी कर. आत घालू नकोस."

"नाही घालत," इंद्रजित म्हणाला. "लवकर ये. तुझ्या हातचा चहा हवाय."

दुकानातून दूध घेऊन ती पैसे देऊन लगेच निघाली. कुणाशी बोलली नाही. वळण घेतलं आणि तिचे पाय थांबले. व्हॅन घराच्या आवारात, ड्राइव्हमध्ये होती. मागून आत घेतलेली, दोन भिंतींच्या बरोबर मध्ये.

इंद्रजित दारापाशी पोचला होता. गाडीच्या बॉनेटवरून तिला त्याचं फक्त डोकं दिसत होतं, ताठ, समोर बघणारं. तो बोलत होता. कुलूप उघडता उघडता, मागे न बघता, मागे चालणाऱ्या कुणाशी बोलावं तसं.

"पायपुसण्यावर पाय पुस हं. माती आहे."

"पुसलेत रे," गिरिजाचा आवाज म्हणाला.

गिरिजा धावली. ती गाडीला वळसा घालून दाराशी पोचेपर्यंत दार लागलं. किल्ली इंद्रजितजवळ होती. तिनं बेल दाबली, पुन्हा दाबली, मग हातानं दार बडवलं. "इंद्रजित," तिनं हाक मारली, बेंबीच्या देठापासून.

आतून लगेच ओ आली. "काय गं? काय झालं?"

"काही नाही," तिचाच आवाज आतून म्हणाला, शांत, लाडिक. "आलं कुठे ठेवलंय ते विचारत होते."

"खालच्या खणात बघ. आणि दार कोण वाजवतंय?"

"तू बस. मानेला त्रास नको. मी बघते."

पॅसेजमधून पावलं आली. सपाता घासत, उजवा पाय जरा जड टाकत. ही चाल गिरिजाला कधी बाहेरून ऐकायला मिळाली नव्हती, तरी तिनं ओळखली. दाराच्या खडबडीत काचेमागे एक आकृती येऊन थांबली. तिच्याच उंचीची. बाकी काही नीट दिसलं नाही.

गिरिजानं पुन्हा तोंड उघडलं, पण आता तिला कळून चुकलं होतं. तिनं कितीही हाका मारल्या तरी आतला माणूस आत असलेलीलाच ओ देणार. त्याला मान वळवता येत नाही. आणि वळवून तरी त्याला काय दिसणार? त्याची बायको घरात आहे.

साखळी लावलेली ठेवूनच दार बोटभर उघडलं, मग थोडं आणखी. फटीतून एक हात बाहेर आला. तळवा वर. मनगटावर कुकरच्या वाफेनं भाजल्याचा जुना डाग होता. गिरिजानं आपल्या मनगटाकडे पाहिलंसुद्धा नाही.

आतून इंद्रजितनं चमच्यानं कप वाजवला. चहाला उशीर झाला की तो लहान मुलासारखा असं करायचा. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं.

तिनं दूध त्या हातावर ठेवलं. हात फार गार होता.

"थँक यू हं," तिचा आवाज म्हणाला, दारावर आलेल्या परक्या माणसाला म्हणतात तसं. दार लागलं. आतून कडी सरकली.

"कोण होतं गं?" इंद्रजितनं विचारलं.

"कुणी नाही. दूध आलंय."